स्क्रीन रेकॉर्डिंगद्वारे अध्यापन आणि मराठी निवेदन : ‘स्पोकन ट्युटोरियल’च्या संदर्भात

संगणकाच्या पडद्यावरील क्रिया जशाच्या तशा टिपून त्यांस निवेदनाची जोड देणे, हे अध्यापनसाधन बहुसंख्य महाविद्यालयांच्या परिचयाचे झाले ते २०२० च्या टाळेबंदीत. त्याचा शिस्तबद्ध वापर मात्र महाराष्ट्रात त्यापूर्वीच रुजला होता. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा तो प्रकल्प होय. केंद्र शासनाने २००९ मध्ये सुरू केलेल्या, माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानातून त्यास अर्थसाहाय्य मिळाले. सायलॅब, लॅटेक, लिबरऑफिस, सी यांसारख्या विषयांवरील सुमारे दहा मिनिटांचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध झाले.

टाळेबंदीतील बहुतेक मुद्रणे म्हणजे तासभराच्या व्याख्यानाची पडद्यावरील आवृत्ती होती. येथे पाठाचा पाया संहिता हा आहे. एका स्तंभात पडद्यावर काय दिसेल, दुसऱ्यात काय बोलले जाईल, असे लेखन आधी होते, मुद्रण नंतर. विद्यार्थ्याने पाठ आणि प्रत्यक्ष सॉफ्टवेअर शेजारी शेजारी उघडून, थांबत थांबत कृती करावी, अशी अपेक्षा असते. परभणी जिल्ह्यातील झरीसारख्या गावातून येणाऱ्या विद्यार्थ्यास ही सोय मोलाची आहे. वर्गात हुकलेली पायरी पुन्हा विचारण्याचा संकोच येथे उरत नाही. पाठ उतरवून घेतल्यास इंटरनेटवाचूनही चालतो.

भाषांतरात केवळ आवाज बदलतो, पडदा इंग्रजीच राहतो. हा निर्णय वरवर अर्धवट भासला तरी योग्य आहे. सी भाषेच्या पाठात अर्धविराम गाळून मुद्दाम चूक घडविली जाते, तेव्हा संगणकाचा इंग्रजी संदेश डोळ्यांसमोर असतो आणि त्याचा अर्थ मराठीत कानी पडतो. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यास नेमक्या याच संदेशाशी झुंजायचे असते. (‘क्लिक करा’ हा प्रयोग रुळला, हेही बरेच झाले, ‘टिचकी मारा’ बोलीत कधी उतरलेच नाही.)

खरी अडचण वाक्यरचनेची आहे, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. मूळ संहिता इंग्रजी. तिच्या गतीवर चित्रण बेतलेले. इंग्रजी आज्ञार्थी वाक्यात क्रियापद प्रथम येते, स्थान नंतर. मराठीत ‘फाइल मेनूमधील सेव्ह या पर्यायावर’ एवढे बोलून झाल्यावर ‘क्लिक करा’ येते. तोवर पडद्यावरील बाण क्लिक करून पुढे सरकला, तर कान मागे आणि डोळा पुढे अशी अवस्था होते. ठरलेल्या वेळेत निवेदन बसविण्यासाठी भाषांतरकार वाक्य आखडतो अथवा वाचनाचा वेग वाढवितो. दोन्हींत पहिल्यांदाच शिकणाऱ्याचे नुकसान होते. कुशल विद्यार्थी हे अंतर सहज भरून काढतो. ज्याच्यासाठी मराठी आवाज योजला, तोच मागे पडतो.

हा दोष आवाज अधिक सफाईने मुद्रित केल्याने जाणारा नव्हे. उलट, मराठीची वाक्यरचना येथे उपकारक ठरू शकते. ती आधी जागा सांगते, मग कृती. संहिता मुळातच मराठीत लिहिली, तर ‘पर्यायावर’ या शब्दाशी बाण जागेवर पोहोचेल, क्षणभर थांबेल आणि ‘क्लिक करा’ या शब्दांसरशी क्लिक होईल. विद्यार्थ्याची नजर तेथे आधीच खिळलेली असेल. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. दोन स्तंभांचा कागद आणि विषय शिकविणारा अध्यापक लागतो.