छायाचित्रांतील मोटारी आणि कालनिर्णय

रस्त्यांच्या जुन्या छायाचित्रांचा काळ त्यांतील मोटारींवरून ठरविण्याची पद्धती उपयुक्त असली, तरी तिची मर्यादा पुष्कळदा दुर्लक्षिली जाते. फोर्डच्या ‘मॉडेल टी’चे उत्पादन १९०८ ते १९२७ पर्यंत चालले. १९१६ च्या उत्तरार्धात निघालेल्या नव्या गाड्यांत पितळी रेडिएटर जाऊन काळे कवच आले. अमेरिकेतील एखाद्या रस्त्याच्या चित्रात हे काळे कवच दिसल्यास ते चित्र १९१६ पूर्वीचे नव्हे, हे निश्चित. परंतु पितळी रेडिएटरवरून चित्र त्यापूर्वीचेच ठरत नाही. कारण जुनी मोटार पुढेही वर्षानुवर्षे धावत राहते. पोथीतील जुन्या शब्दरूपावरून पोथी जुनी ठरत नाही. नवे रूपच तिची पूर्वमर्यादा दाखविते. तद्वत चित्रातील सर्वांत नवी मोटार हीच प्रमाण मानावी.