तीन गट आणि मेळघाट

माधव गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांच्या 'इकॉलॉजी अँड इक्विटी' (१९९५) या पुस्तकाने भारतीय समाजाचे तीन गट पाडले: भोवतालच्या निसर्गावर जगणारे, त्याला मुकलेले निर्वासित, आणि दूरदूरची संपत्ती ओढून घेणारे सर्वभक्षी. वनधोरणाचा भार कोणावर पडतो हे इतक्या स्पष्टपणे फार थोड्या संशोधकांनी मांडले आहे. (आम्ही पगारदार संशोधक तिसऱ्या गटात, हे ओघाने आलेच!)

आमची अडचण पहिल्या दोन गटांची आहे. मेळघाटातील अनेक कोरकू कुटुंबे पावसाळ्यात शेती करतात, उन्हाळ्यात मोहफुले व तेंदूपाने वेचतात, आणि मधल्या काळात अमरावती-अकोल्याच्या सपाटीवर मजुरीला उतरतात. एकाच वर्षात ती दोन्ही गटांत असतात. मग धोरण आखताना त्यांना कोठे धरायचे? जंगलाचे राखणदार म्हणून, की विस्थापित मजूर म्हणून?

पायथ्याच्या पायविहीर गावाला २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला. गावाने जंगल वाढवले, त्यातली सीताफळे मुंबईच्या बाजारात विकली, आणि २०१४ मध्ये जैवविविधता पुरस्कारही मिळवला. राखणारे आणि विकणारे हात तेच. पुस्तकाच्या वर्गवारीत त्यांना नेमकी जागा सापडत नाही.

शिक्षकांनी हा तक्ता फळ्यावर जरूर मांडावा. मात्र मुलांना आपल्या गावातली दहा घरे त्यात बसवायला सांगावीत, आणि न बसणाऱ्या घरांपासून चर्चा सुरू करावी.