‘दगडखाण’ : एका कामगाराची कविता

१ मे रोजी श्रमाची थोरवी सांगणारी प्रवचने आपण ऐकत आलो आहोत. पोप पायस बारावे यांनी १९५५ साली हा दिवस कामगार संत जोसेफ यांचा सण म्हणून ठरवला. पुढच्याच वर्षी पोलंडमधील एका तरुण धर्मगुरूने ‘दगडखाण’ ही दीर्घ कविता लिहिली व ती आंद्झेय यावियेन या टोपणनावाने प्रसिद्ध केली. हे धर्मगुरू म्हणजे कारोल वॉयतिवा, पुढचे संत जॉन पॉल दुसरे. प्रवचनातला घाम आणि या कवितेतला घाम यांत मात्र बरेच अंतर आहे.

नाझींनी १९३९ साली क्राकुफचे विद्यापीठ बंद पाडले. सक्तमजुरीसाठी जर्मनीला रवानगी होऊ नये म्हणून साहित्याचा हा विद्यार्थी १९४० मध्ये चुनखडीच्या खाणीत कामाला लागला. तिथून तो सॉल्वे कंपनीच्या सोड्याच्या कारखान्यात गेला व १९४४ पर्यंत तिथेच राबला. रात्रपाळीत त्याने वाचलेल्या माँफोर्तच्या मरियाभक्तीवरील पुस्तकावर सोड्याचे डाग पडले होते. परंतु त्या हातांतून ‘दगडखाण’ उतरली ती कारखाना सुटल्यानंतर बारा वर्षांनी. अनुभव आला की कविता आली, असे मानणाऱ्या आपल्या नवोदितांनी ही बारा वर्षे ध्यानात घ्यावीत.

कवितेचे चार भाग आहेत. दुसऱ्याचे नावच ‘स्फूर्ती’. हात, हातोडा, विजेचा प्रवाह सारे तिथे आहे, पण पहिल्या तीन भागांत चिंतनाचे वजन दगडापेक्षा जड होते. खाणीऐवजी आपण तत्त्वज्ञानाच्या वर्गात बसलो आहोत की काय, असे क्वचित वाटते.

चौथा भाग मृत सोबत्याच्या स्मरणार्थ आहे आणि कवितेचे खरे सामर्थ्य तिथे आहे. कवीने एका कामगाराचा अपघाती मृत्यू प्रत्यक्ष पाहिला होता. ही ईश्वरी इच्छा, असे म्हणून तो मोकळा होत नाही. मृताभोवती अन्यायाची जाणीव रेंगाळते. सोबत्यांच्या मनातला संतापही तो लपवीत नाही. धर्मगुरूच्या लेखणीला हे सोपे नव्हते.

इथे नारायण सुर्वे आठवतात. त्यांना विद्यापीठ कधी लाभलेच नाही; गिरणी आणि रस्ता यांनाच त्यांनी ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) म्हटले. श्रद्धेच्या बाबतीत दोघे दोन टोकांचे, सुर्वे मार्क्सवादी. पण धडा यंत्राने दिला असे दोघेही म्हणत नाहीत. तो शेजारी उभ्या असलेल्या माणसाने दिला. सुर्व्यांच्या कवितेत याकूब नालबंदवाला नावानिशी येतो. वॉयतिवांचा सोबती निनावीच राहतो. या एका बाबतीत मला सुर्वे अधिक जवळचे वाटतात. नाव घेतले की माणूस प्रतीक होण्यापासून वाचतो.

काम माणसासाठी असते, माणूस कामासाठी नव्हे, हे सूत्र जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’ या परिपत्रकात मांडले. त्याचे बीज मला या चौथ्या भागात दिसते. तिथे मृतदेह खडीवर ठेवला आहे, काळजीने खंगलेली पत्नी येते, मुलगा शाळेतून परततो. आणि मग दगड पुन्हा हलू लागतात.