विकृतिशास्त्रातील निवासी डॉक्टरांचे जागतिक आरोग्य-प्रशिक्षण : शिरूर-दौंडच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

जागतिक आरोग्य म्हणजे परदेशातील आरोग्य, असा समज वैद्यकीय शिक्षणात रूढ आहे. जेफ्री कोपलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये केलेल्या व्याख्येत मात्र अंतराला नव्हे, तर आरोग्यातील समतेला प्राधान्य आहे. याच नियतकालिकाने २०१८ मध्ये अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील विकृतिशास्त्र-सेवांवर लेखमाला प्रसिद्ध केली. समतेचा निकष मान्य केल्यास पुण्यात शिकणाऱ्या निवासी डॉक्टरांसाठी जागतिक आरोग्याचे क्षेत्र सत्तर-ऐंशी किलोमीटरवरील शिरूर आणि दौंड येथेच सुरू होते.

तरतूद आणि उणीव

२०२० मध्ये अधिसूचित झालेल्या जिल्हा निवासी कार्यक्रमाने पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा आरोग्य यंत्रणेत काम करणे बंधनकारक केले. २०२३ च्या नियमावलीनेही ही तरतूद कायम ठेवली. कार्यक्रम समाधानकारकपणे पूर्ण केल्याशिवाय अंतिम परीक्षेस बसता येत नाही. उद्दिष्टे व्यापक आहेत. परंतु विकृतिशास्त्रासारख्या निदानविषयक शाखांसाठीचा निर्देश मुख्यतः आपापल्या शाखेतील चाचण्या करण्यापुरता आहे. म्हणजे निवासी डॉक्टर शहरात जे करतात, तेच कमी साधनांनिशी तालुक्यात करतात. यातून मनुष्यबळ मिळते. दृष्टी मिळेलच असे नाही.

नमुन्याचा प्रवास

शहरातील प्रयोगशाळेत काचपट्टी तयार स्वरूपात समोर येते. तिच्यामागचा प्रवास दिसत नाही. ऊतीचा तुकडा दहापट फॉर्मॅलिनमध्ये वेळेवर बुडाला नाही, तर तो कुजू लागतो आणि पुढे कितीही कुशल नजर लाभली तरी निदान अशक्य ठरते. रक्ताचा नमुना फार काळ पडून राहिला, तर पेशींचे रूप बदलते आणि पोटॅशियमचे प्रमाण खोटे वाढलेले दिसते. सार्वजनिक आरोग्य केंद्रांतील नमुने गोळा करून तपासण्याची ‘महालॅब’ योजना राज्यात २०१७ मध्ये सुरू झाली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१९ मध्ये आवश्यक निदान चाचण्यांची स्तरनिहाय राष्ट्रीय यादीही प्रसिद्ध केली. चाचणी यादीत असणे आणि तिचा विश्वासार्ह अहवाल ऊसतोड कामगाराच्या हाती, तो पुढच्या फडावर जाण्यापूर्वी पडणे, यांतील अंतर हाच खरा अभ्यासविषय होय.

वढूचा वारसा

शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे डॉ. बानू कोयाजी यांनी पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयामार्फत १९७० च्या दशकात ग्रामीण आरोग्यकार्य उभे केले. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार लाभला. याच परिसरातील २२ गावांत २००२ पासून लोकसंख्या व आरोग्याची सातत्यपूर्ण नोंद सुरू झाली. तेथे मृत्यूच्या कारणांसाठी मौखिक शवपरीक्षेची पद्धत वापरली गेली : प्रशिक्षित कार्यकर्ता नातेवाइकांना लक्षणे विचारतो आणि डॉक्टर त्यावरून संभाव्य कारण ठरवितात. ही पद्धत मोलाची आहे. तथापि तापाने झालेला मृत्यू विषमज्वराचा, हिवतापाचा की डेंग्यूचा, हे केवळ कथनातून निश्चित होत नाही. देशात २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते. विकृतिशास्त्राचा गावाशी संबंध तुटल्याची ही किंमत आहे. निवासी डॉक्टरांनी अशी कथने ऊतिपरीक्षेच्या शिस्तीने वाचली, तर दोन्ही शास्त्रांना लाभ होईल.

आक्षेप आणि पर्याय

तीन महिन्यांत हे साधणार नाही, तसेच ग्रामीण स्तरावर मार्गदर्शक विकृतितज्ज्ञ सहज मिळत नाही, हे आक्षेप रास्त आहेत. म्हणूनच मोजक्या कामांचा आग्रह धरावा. दौंडचे उपजिल्हा रुग्णालय व शिरूरचे ग्रामीण रुग्णालय येथून निघालेल्या एका आठवड्याच्या नमुन्यांचा शेवटपर्यंत मागोवा घेणे. बाद नमुन्यांची कारणे नोंदविणे. गाठींची सुईने पेशीतपासणी जागेवरच करणे. मृत्यू-प्रमाणपत्रांतील कारणे उपलब्ध अहवालांशी ताडून पाहणे. मूळ महाविद्यालयातील अध्यापकांनी काचपट्ट्यांची छायाचित्रे दूरस्थपणे पाहून मार्गदर्शन करावे आणि मूल्यमापनात हजेरीपेक्षा या नोंदींना गुण द्यावेत.

निष्कर्ष

प्रस्तुत तरतुदीचा दोष तिच्या हेतूत नसून तपशिलाच्या अभावात आहे. नमुन्यामागचा रुग्ण व त्याचा रस्ता ज्यांना ठाऊक नाही, त्यांचे परदेशी प्रशिक्षण कितीही झाले तरी अपुरेच राहील. परीक्षेने जे विचारले नाही ते विद्यार्थी शिकत नाहीत, हे अध्यापकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.