बारा महिन्यांची मुदत

‘गर्वाचे घर खाली’ ही म्हण आपल्या बोलण्यात इतकी रुळली आहे, की नबुखद्नेस्सर राजाची कथाही आपण तिचाच एक दाखला म्हणून वाचतो. दानिएलाच्या ग्रंथाचा चौथा अध्याय मात्र अशा वाचनाला सहजासहजी वश होत नाही, असे आम्हांस वाटते.

कथा सर्वपरिचित आहे. गगनाला भिडलेला वृक्ष तोडला जात असल्याचे स्वप्न राजाला पडते, दानिएल त्याचा अर्थ सांगतो आणि पुढे राजा भ्रमिष्ट होऊन गुरांप्रमाणे गवत खातो. यात दानिएलाची अवस्था पाहण्यासारखी आहे. इ. स. पू. ५८७ च्या सुमारास यरुशलेमचे मंदिर भस्मसात करणारा, त्याच्या बांधवांना बंदिवान करून नेणारा हाच तो राजा. स्वप्नाचा अर्थ उमगताच दानिएलाला हर्ष झाला असता, तर त्याला कोणी दोष दिला असता? परंतु तो क्षणभर स्तब्ध होतो, व्याकूळ होतो. हे स्वप्न राजाच्या वैऱ्यांना फळावे, असे बोलून दाखवतो. शेजाऱ्याचा धंदा बुडाला, की ‘पापाचा घडा भरलाच होता’ असे समाधानाने म्हणणाऱ्या आपल्या धर्मनिष्ठेला ही व्याकुळता परकी आहे.

मग तो राजाला सुचवतो: नीतीने वाग, गांजलेल्यांवर दया कर. यानंतर बारा महिने काहीच घडत नाही. प्रवचनांतून हे बारा महिने बहुधा गळून पडतात. वृक्षावरून थेट गवतावर येण्याची घाई असते. वस्तुतः ईश्वरी न्यायाचे स्वरूप त्या मुदतीतच दिसते. राजाच्या नावाचा ठसा असलेल्या असंख्य विटा बाबेलच्या उत्खननात सापडल्या आहेत. तेव्हा प्रासादाच्या गच्चीवरील त्याची बढाई केवळ वैऱ्याच्या लेखणीने रचलेली नव्हे.

रचनेतील एक विशेष सांगावासा वाटतो. अध्यायाच्या आरंभी राजा स्वतःच, ‘मी’ म्हणून, बोलतो. दानिएल अर्थ सांगू लागतो तेथे हा ‘मी’ लोपतो आणि वेडाची हकीकत दुसराच कोणी सांगतो. राजा आकाशाकडे दृष्टी लावतो, तेव्हा ‘मी’ परत येतो. भान हरपलेल्याला स्वतःची गोष्ट सांगता येत नाही, हे ग्रंथकर्त्याने एका व्याकरणाच्या बदलाने दाखवले आहे.

पाचव्या अध्यायातील बेलशस्सराची मेजवानी चित्रकारांना अधिक भावली. रेम्ब्रांटचे चित्र प्रसिद्धच आहे. मंदिरातील पात्रांतून मद्यपान, भिंतीवर लिहिणारा हात, मोजले-तोलले-विभागले असा निकाल आणि त्याच रात्री वध. नाट्य मोठे, पण आमच्या मते ही कथा चौथ्या अध्यायाच्या तोडीची नाही. दानिएल येथे हळहळत नाही. हे सारे ठाऊक असूनही तू नम्र झाला नाहीस, असा त्याचा आरोप आहे. मुदत दुसऱ्या कोणाला मिळाली होती. बेलशस्सराने ती ऐकून वाया घालवली.

(इतिहासात बेलशस्सर हा नबोनिदसचा पुत्र. कुमरान येथील गुहांत सापडलेल्या एका हस्तलिखितात नबोनिदसच्या सात वर्षांच्या आजाराची कथा आहे; मूळ कथा त्याचीच असावी, असे काही अभ्यासक मानतात. त्यामुळे प्रस्तुत अध्यायाचे मोल उणे होत नाही.)

एक गोष्ट मात्र आम्हांला अस्वस्थ करते. शुद्धीवर आलेला नबुखद्नेस्सर देवाचे स्तवन करतो. त्याला सिंहासन आणि वैभव परत मिळते. ज्या गांजलेल्यांसाठी दानिएलाने शब्द टाकला होता, त्यांच्याविषयी अध्यायाच्या शेवटी एक अक्षरही नाही.