बातमीतील कर्ता कोठे गेला?

गेल्या वर्षावासात रोहे तालुक्यातील धाटाव येथे रविवारी सकाळी पालि व्याकरणाचे काही पाठ देण्याचा योग आम्हास आला. धाटाव हे कुंडलिकेच्या काठचे गाव. आता त्याची ओळख गावापेक्षा औद्योगिक वसाहतीने अधिक होते. रसायनांच्या कारखान्यांत ठेकेदाराच्या हाताखाली माल भरण्याचे वा झाडलोटीचे काम करणाऱ्या उपासिका, दोन शिक्षिका आणि महाविद्यालयात जाणाऱ्या काही मुली असा श्रोतृवर्ग होता. त्या दिवशी विषय कारकाचा होता. कच्चायन व्याकरणात कारकाचे विवेचन कर्त्यापासून नव्हे, तर अपादानापासून सुरू होते. ज्यापासून वस्तू दूर जाते, ज्यापासून भय उत्पन्न होते किंवा ज्यापासून काही घेतले जाते ते अपादान, असा त्या सूत्राचा आशय आहे. चोरापासून भय उत्पन्न होते, हे परंपरेतील उदाहरण आम्ही फळ्यावर लिहिले. वंदनेनंतरचा चिवडा ज्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावर आला होता, तो तुकडा सरळ करीत एका उपासिकेने विचारले, "सर, मग यात भय कुणापासून?" तुकड्यावरील मथळा होता : 'प्रेमप्रकरणातून तरुणीचा खून'.

पाठ तेथेच थांबला, आणि पुढील तीन रविवार आम्ही वर्तमानपत्रेच वाचली. प्रस्तुत टिपण त्या वाचनातून सिद्ध झाले आहे.

मथळा व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे. 'खून' हे क्रियावाचक नाम, 'तरुणीचा' ही त्या क्रियेच्या कर्माला लागलेली षष्ठी आणि 'प्रेमप्रकरणातून' ही पंचमी. कर्ता नाही. ज्याने शस्त्र चालविले तो माणूस वाक्याबाहेर उभा आहे आणि त्याच्या जागी एक प्रकरण येऊन बसले आहे. प्रकरण तर दोघांचे असते. म्हणजे जी मारली गेली तीही आपल्या मरणाच्या कारणात अर्धी भागीदार ठरली. पुष्कळदा प्रत्यक्षात प्रेम एकाच बाजूचे असते व दुसऱ्या बाजूचा नकार असतो. परंतु 'नकार दिल्यामुळे तरुणाकडून तरुणीचा खून' असे लिहिले की वाक्यात दोन कर्ते येतात : नकार देणारी ती आणि मारणारा तो. मथळ्याने एका पंचमीच्या बळावर दोघांनाही नाहीसे केले.

एकदा हे ध्यानात आले म्हणजे वर्तमानपत्राचे प्रत्येक पान व्याकरणाच्या उदाहरणांनी भरलेले दिसू लागते. 'विवाहितेचा छळ', 'अल्पवयीन मुलीवर अत्याचार', 'घरगुती वादातून महिलेने संपविली जीवनयात्रा'. या शेवटच्या मथळ्यात मात्र स्त्री कर्ता झाली आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. मारणारा पुरुष असतो तेव्हा वाक्य कर्त्यावाचून चालते. स्त्री स्वतःचा जीव देते तेव्हा तिला तत्काळ कर्तृपद मिळते. या बातम्यांतील स्त्रीला 'विवाहिता' म्हणतात. पुरुषासाठी 'विवाहित' हा शब्द आम्ही वर्तमानपत्रात नामाप्रमाणे वापरलेला क्वचितच पाहिला आहे. त्याच्या बातमीत तो शेतकरी असतो, चालक असतो, कामगार असतो. कारखान्यातील अपघाताच्या बातम्या धाटावकरांना नवीन नाहीत. त्या बातम्यांत 'कामगार' हा शब्द पुरुषाचाच समजावयाचा असतो आणि स्त्री येते ती शेवटच्या ओळीत, 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले असा परिवार आहे' या ठरीव वाक्यात. तीन रविवार आमच्यासमोर बसलेल्या उपासिकांपैकी निम्म्याहून अधिक स्वतः कामगार होत्या, हे येथे नमूद करावेसे वाटते.

ही चिकित्सा पाश्चात्त्य स्त्रीवादाची उसनवारी आहे, बौद्धांना तिचे काय, असा आक्षेप आमच्या एका स्नेह्यांनी घेतला. त्यांना आम्ही १९५० सालची एक घटना सांगितली. मुंबईच्या 'ईव्हज वीकली' या स्त्रियांच्या इंग्रजी साप्ताहिकात २१ जानेवारी १९५० रोजी एक लेख आला. भारतीय स्त्रीच्या अधःपतनास भगवान बुद्धांची शिकवण कारण झाली, असा त्यातील आरोप होता. लामा गोविंदांनी त्यास 'महाबोधी'च्या अंकात उत्तर दिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी केंद्रीय विधिमंत्री होते आणि हिंदू संहिता विधेयकाचा भार त्यांच्या शिरावर होता. तरीही एका साप्ताहिकातील लेखाची दखल घेणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. १९५१ मध्ये 'महाबोधी'तच त्यांचा हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवरील सुप्रसिद्ध निबंध प्रसिद्ध झाला. तो निबंध आपण मनुस्मृतीच्या चिकित्सेसाठी वाचतो. तो एका नियतकालिकाच्या चिकित्सेतून जन्मला, हे मात्र विसरतो.

बाबासाहेबांची पद्धती येथे महत्त्वाची आहे. आरोपाचा आधार महापरिनिब्बान सुत्तातील एक उतारा होता. स्त्रियांशी कसे वागावे असे आनंद विचारतो व तथागत त्यांचे दर्शन टाळावे असे सांगतात, असा तो संवाद. बाबासाहेबांनी उतारा नाकारला नाही, झाकलाही नाही. त्यांनी विचारले, हा उतारा कोणी जपला? सुत्ते दीर्घकाळ मुखपरंपरेने चालत आली आणि नंतर भिक्खूंच्या हातून लिहिली गेली. तेव्हा लिहिणाऱ्याचा हितसंबंध कोणता? आणि विशाखेला व आम्रपालीला भेटणाऱ्या, महाप्रजापतीला प्रव्रज्या देणाऱ्या बुद्धांच्या इतर आचरणाशी हे वचन जुळते काय? चुल्लवग्गात पहिल्या संगीतीच्या वेळी आनंदावर जे दोष ठेवले गेले त्यांत स्त्रियांना प्रव्रज्या मिळवून देणे आणि तथागतांच्या देहाचे प्रथम दर्शन स्त्रियांना घडविणे हे दोन आहेत. स्त्रियांना पाहू नये, असा शास्त्याचा स्पष्ट आदेश आनंदाला असता, तर त्याचा भंग हाच पहिला दोष ठरला असता. कोणी सांगितले, कोणी टिपले, कोणाच्या लाभाचे आहे, आणि इतर ज्ञात गोष्टींशी मिळते काय, हे चार प्रश्न जर सुत्तपिटकाला विचारता येतात, तर ते सकाळच्या वर्तमानपत्राला विचारण्यात कसला संकोच?

हे प्रश्न वेळेवर न विचारल्याची किंमत आपल्या समाजाने मोजली आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. आरंभीच्या वृत्तांत या हत्येचे कारण म्हणून 'अनैतिक संबंध' हे दोन शब्द छापले गेले. पुन्हा तीच पंचमी : संबंधांतून हत्याकांड. सुरेखा भोतमांगे यांनी काय काय केले होते ते पाहावे. त्यांनी जमिनीवरचा आपला हक्क सोडला नाही. मुलीला शिकविले. मारहाणीच्या एका प्रकरणात हल्लेखोरांना ओळखून त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली. इतक्या क्रियांची कर्ती असलेल्या स्त्रीला बातमीने एका संबंधाचा विषय करून टाकले, आणि जातीचा प्रश्न व जमिनीचा प्रश्न हे दोन्ही त्या एका शब्दाखाली गाडले गेले. आपली माणसे रस्त्यावर आल्यानंतर वृत्तांत बदलले, परंतु पहिल्या वाक्याने जे केले ते सहजासहजी पुसले जात नाही. सत्र न्यायालयाने २००८ मध्ये आरोपींना दोषी ठरविले, तथापि अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत नाही असे म्हटले. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या व तेही याबाबत निराळे मानावयास तयार झाले नाही. न्यायालयाच्या निर्णयाचा दोष आम्ही वर्तमानपत्रांवर टाकीत नाही. मात्र जातीचे नाव उच्चारल्यावाचून हे हत्याकांड सांगता येते, अशी सवय प्रथम कोठे लागली, याचा विचार झाला पाहिजे.

महाविद्यालयातील एका मुलीने या ठिकाणी योग्य शंका काढली. अत्याचारपीडितेचे नाव छापू नये असा कायदाच असताना नावे नसल्याची तक्रार कशी करावी? तिचे म्हणणे खरे आहे. मथुरा या आदिवासी मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडल्यानंतर जे आंदोलन झाले, त्यातून १९८३ मध्ये कायद्यात ही तरतूद आली, आणि आजच्या भारतीय न्याय संहितेच्या ७२व्या कलमात ती कायम आहे. ती राहिलीच पाहिजे. (ज्या मुलीमुळे हे कलम आले तिचे नाव मात्र आम्हा सर्वांच्या जिभेवर आहे, हा इतिहासाचा विचित्र न्याय.) परंतु नाव झाकणे वेगळे आणि कर्तृत्व पुसणे वेगळे. नाव न छापताही 'तिने तक्रार नोंदविली', 'तिने आरोपीस ओळखले', 'ती शिकत होती' ही वाक्ये लिहिता येतात. कायदा नावाला मनाई करतो, क्रियापदाला नाही.

पालि वाङ्मयात याचे उत्कृष्ट उदाहरण पटाचारेचे आहे. नवरा सर्पदंशाने गेला, दोन मुले गेली, वादळात घर कोसळून आईवडील व भाऊ गेले, आणि ती वस्त्राचे भान हरपून रस्त्याने फिरू लागली. आजची बातमी येथेच पूर्ण होईल. दूरचित्रवाणीवर तर त्या वेडाचे चित्रीकरण मागे संगीत लावून तीनदा दाखविले जाईल. थेरीगाथेत मात्र ती शिष्यांना शिकविणारी थेरी आहे, तिच्या उपदेशाने तीस भिक्खुणींचे जीवन पालटले आहे, आणि विनय जाणणाऱ्या भिक्खुणींत तिला स्वतः तथागतांनी अग्रस्थान दिले आहे. दुःख तिच्या वृत्तांताचा आरंभ आहे, शेवट नव्हे. सोमा थेरीला मार जो टोमणा मारतो तोही आम्ही वर्गात वाचला : स्त्रीची प्रज्ञा दोन बोटांची. अट्ठकथा त्याचे स्पष्टीकरण असे देते की, लहानपणापासून भात शिजवूनही तो झाला की नाही हे कळण्यासाठी स्त्रीला शीत दोन बोटांत दाबून पाहावे लागते. यावर उपाहारगृहात काम करणाऱ्या उपासिका मोठ्याने हसल्या. "मग दाबल्याशिवाय कुणाला कळतं?" असे त्यांपैकी एकीने विचारले. अट्ठकथाकारास हा प्रश्न सुचला नाही, कारण त्याने भात शिजविला नसावा.

धाटावच्या दक्षिणेस, याच रायगड जिल्ह्यातील तळे तालुक्यात, राजपुरी खाडीच्या अंगाला कुडे येथे सव्वीस लेण्यांचा समूह आहे. तेथील एका शिलालेखात पदुमनिका या प्रव्रजितेने लेणे व पाण्याची पोढी दान दिल्याचा उल्लेख आहे. ती स्वतःला नागनिका या प्रव्रजितेची मुलगी म्हणविते आणि बोधी व असाळ्हमिता या आपल्या दोन शिष्यांची नावे सोबत कोरविते. प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, लेखाच्या आरंभी तिची ओळख दोन थेरांची भाची अशी आली आहे. मामांशिवाय त्याही काळी चालत नव्हते. तरी एका छोट्या लेखात आई, मुलगी आणि दोन शिष्या अशा चार स्त्रिया नावानिशी उभ्या आहेत, आणि दान देणारी स्त्री आहे. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव अनिवार्य केले. तेव्हा आम्ही वाचलेल्या काही वृत्तांतील सूर आईला मोठीच देणगी मिळाल्याचा होता. विवाहित स्त्रीच्या नावापुढे पतीचे नाव लिहिण्याची प्रथा त्याच निर्णयात कायम राहिली, याकडे मथळ्यांचे लक्ष गेले नाही. आणि कुड्याच्या पदुमनिकेची आठवण तर कोणालाच झाली नाही. याचा दोष पत्रकारांपेक्षा आमच्यासारख्या पालिच्या अभ्यासकांकडे अधिक जातो. आम्ही शिलालेखांची भाषा शिकवितो, त्यांतील माणसे सांगत नाही.

दोष येथेच संपत नाही. मीनाक्षी मून व ऊर्मिला पवार यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ साली प्रसिद्ध केला. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा हा इतिहास जुळवावयास त्यांना घरोघर जाऊन वृद्ध कार्यकर्त्यांना बोलते करावे लागले, कारण चळवळीच्या लेखी साधनांत स्त्रियांची नोंद तुटक होती. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली होती, तिला हजारो स्त्रिया आल्या होत्या. त्यांपैकी कितींची नावे आपल्यातील कोणास सांगता येतील? तिसऱ्या रविवारी आम्ही आमच्याच विहारांची निमंत्रणे व आमच्यासारख्या नियतकालिकांतील कार्यक्रमवृत्ते वाचावयास घेतली. वक्त्यांची नावे पदव्यांसह, अध्यक्षांचे नाव ठळक अक्षरांत, आणि शेवटी 'भोजनदानाची व्यवस्था महिला मंडळाने केली'. धाटावच्या आमच्या पहिल्या पाठाचा वृत्तांत आम्ही स्वतः लिहिला होता. त्यातही हेच वाक्य होते. ते मोठ्याने वाचून दाखविल्यावर वर्गात कोणी काही बोलले नाही, आणि ती शांतता आम्हास फार वेळ वाटली.

वर्षावासाची सांगता झाली त्या दिवशी, पुढील वृत्तांतासाठी म्हणून, त्यांनी वहीचे एक पान आमच्या हाती दिले. त्यावर अकरा नावे होती. त्यांपैकी चौघींनी आपल्या नावापुढे आईचे नाव लिहिले होते. सर्वांत खाली, वेगळ्या शाईत, त्या दिवशी भात कोणी शिजविला तेही लिहिले होते.