तारीख सांगा : किंगच्या एका भाषणाविषयी

मार्टिन ल्यूथर किंग म्हटलं की आपल्याकडे एकच भाषण. १९६३चं, वॉशिंग्टनचं, स्वप्नाचं. जयंतीच्या अंकात तेच, व्याख्यानमालेत तेच. स्वप्न बघायला कुणाच्या बापाचं काय जातं? सरकारलासुद्धा स्वप्न चालतं. पण याच माणसाने ४ एप्रिल १९६७ला न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये व्हिएतनामवर एक भाषण केलं, त्याचं नाव आपल्या अंकांतून क्वचित निघतं. रात्रपाळ्या संपवून, डिक्शनरी उशाला घेऊन मी ते महिनाभर वाचलं. ते स्वप्न नाही, नोटीस आहे. परक्या मुलखातून सैन्य कधी काढणार ते सांगा, अशी सरकारला दिलेली नोटीस.

आणि सरकार कुणाचं? जॉन्सनचं. ज्याने १९६४चा नागरी हक्कांचा आणि १९६५चा मतदानाचा कायदा सही करून दिला, त्याचं. म्हणजे ज्याच्या दारातून हक्क मिळाले, त्याच्याच दारात उभं राहून हा माणूस बोलला. लगेच बोंब उठली. न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखातून चूक दाखवली, वॉशिंग्टन पोस्टने त्याची उपयुक्तताच घटली म्हणून सांगितलं. काळ्यांची जुनी संघटना एनएएसीपी, तिनेही हात झटकले. सगळ्यांचं म्हणणं एकच : तू तुझ्या लोकांचं बघ, युद्धाचं आम्ही बघतो. ही भाषा आपल्याला नवी आहे का? तुम्ही राखीव जागांवर बोला, वस्तीतल्या नळावर बोला, देशाचं धोरण तुमचं काम नव्हे. अस्पृश्यता विचारालाही पाळतात.

आता भाषणाकडे. सुरुवातीचा भाग गाजलेला आहे. गरिबी हटवायला काढलेला पैसा युद्धाने गिळला. गरिबाची पोरं लोकसंख्येच्या मानाने जास्त मरतात. ज्या काळ्या-गोऱ्या पोरांना अमेरिका एका शाळेत बसू देत नाही, ती व्हिएतनामी खेड्यातल्या झोपड्या जाळताना मात्र खांद्याला खांदा लावतात. हे वाचताना अंगावर काटा येतो. तरीपण मी म्हणेन, किंग एवढ्यावरच थांबला असता तर भाषण अर्धंच राहिलं असतं. कारण हा हिशोब अजून आपल्या घरचाच आहे. ‘आमची पोरं परत आणा’ ही हाक खरी आहे, पण तिच्यात ज्याचं घर जळालं तो माणूस नाही. वॉशिंग्टनच्या काळ्या भिंतीवर ५८,००० हून जास्त नावं कोरलीत. व्हिएतनामचे लाखो मेले, त्यातलं एकही नाव त्या भिंतीवर नाही. युद्धविरोधी म्हणून मिरवणारं कितीतरी साहित्य त्या भिंतीसारखंच आहे.

किंग पुढे जातो. तो सरळ त्या झोपडीत जाऊन बसतो आणि तिथून अमेरिकेकडे बघतो. १९४५ला या लोकांनी स्वातंत्र्य जाहीर केलं, तेव्हा अमेरिकेच्याच जाहीरनाम्यातले शब्द घेतले. अमेरिकेने त्यांना ओळख दिली नाही, फ्रेंचांना पैसा दिला. फ्रेंच हरले, तर दिएम आणून बसवला, आणि दिएमच्या मागे जमीनदार उभे. कुळाला जमीन पाहिजे, आणि मुक्तिदाते म्हणवणारे जमीनदाराच्या ओसरीवर बसलेत! हे समजायला आपल्याला व्हिएतनामचा नकाशा लागत नाही.

पण इथेच माझं एक भांडण आहे. ज्यांना वाचा नाही त्यांच्या वतीने बोलतो, असं किंग म्हणतो. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२०ला ‘मूकनायक’ काढला तेव्हा ते मुक्यांतलेच होते. किंग व्हिएतनामी नव्हता. आणि व्हिएतनामी माणूस मुका तर अजिबात नव्हता. थिच न्हात हान्ह या बौद्ध भिक्खूने १९६५ला किंगला पत्र लिहिलं होतं, १९६६ला दोघं भेटले, आणि जानेवारी १९६७मध्ये किंगने त्याचं नाव नोबेल शांतता पुरस्कारासाठी सुचवलं. इतकं असून भाषणात बौद्ध पुढाऱ्याचे शब्द येतात, पण नाव येत नाही. एवढी मोठी सभा, आणि भिक्खूचं नाव घ्यायला जागा नव्हती? बौद्ध म्हणून मला हे टोचतं.

तरीही या भाषणाचं सगळ्यात मोठं साहित्य मला त्याच्या सगळ्यात कोरड्या जागी दिसतं. शेवटाकडे पाच मागण्या आहेत. उत्तर-दक्षिण सगळीकडची बॉम्बफेक बंद करा. एकतर्फी युद्धबंदी जाहीर करा. थायलंडमधली फौज वाढवणं आणि लाओसमधली ढवळाढवळ थांबवा. राष्ट्रीय मुक्ती आघाडीच्या मागे लोक आहेत हे मान्य करून तिला वाटाघाटीत बसवा. आणि १९५४च्या जीनिव्हा कराराप्रमाणे सगळं परकं सैन्य काढण्याची तारीख ठरवा. यात उपमा नाही, प्रतिमा नाही. गिरणीत मागणीपत्र लिहिणाऱ्या माणसाला याची किंमत लगेच कळेल. ‘मालकाने माणुसकी दाखवावी’ असं लिहिलं की मालक हसून चहा पाजतो. ‘अमुक तारखेपर्यंत’ असं लिहिलं की गेटावर पोलिसांची गाडी येते. शांततेवर कविता पाडणाऱ्या आपल्या मध्यमवर्गीय कवींनी कबुतरं पुष्कळ उडवली. तारीख कुणी मागितली?

तारीख न दिल्याची किंमतही मोजता येते. अमेरिकेचं लढाऊ सैन्य निघालं २९ मार्च १९७३ला, म्हणजे या भाषणानंतर सहा वर्षांनी. एकट्या अमेरिकेचे ४०,००० हून जास्त सैनिक त्या सहा वर्षांत मेले. आणि तिथले?

कुणी म्हणेल, अफगाणिस्तानचं काय? विचारलंच पाहिजे. २९ फेब्रुवारी २०२०ला दोह्यात करार झाला, तारीखही पडली, १ मे २०२१. १५ ऑगस्टला काबूल पडलं, ३० ऑगस्टला शेवटचं लष्करी विमान उडालं, आणि सहावीच्या पुढच्या मुलींना शाळेची दारं बंद झाली. हा घाव खरा आहे. पण २० वर्षं पुरली नाहीत म्हणून आणखी २० द्यायची का? किंगची चौथी मागणी होती, ज्यांच्याशी लढताय त्यांनाही वाटाघाटीत जागा द्या. दोह्यात अमेरिकेने फक्त त्यांनाच दिली. काबूलचं सरकार त्या करारात नव्हतं आणि बायांना कुणी हिशोबात धरलं नाही. लोकांना बाजूला ठेवून ठरवलेली तारीख ही माघार नाही, पळ आहे.

आता घरचं. आपण सैन्याविषयी गप्प का बसतो? कारण सैन्य ही आपली भाकरी आहे. भीमा कोरेगावचा स्तंभ आपला. सुभेदार रामजींचा पेशा आपला. इंग्रजाने महारांची भरती बंद केली तेव्हा आपल्या माणसांनी अर्ज केले, भांडले, आणि १९४१ला महार रेजिमेंट उभी राहिली. तो मान फुकट मिळालेला नाही, मी त्याला नाव ठेवणार नाही. पण १९८७ला भारताचं शांतिसेना नावाचं सैन्य श्रीलंकेत गेलं. त्यात आठवी महार होती. तिचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ला पडले, मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. सुमारे १,२०० भारतीय जवान तिथे गेले ते गेलेच. ऑक्टोबर १९८७मध्ये जाफनाच्या इस्पितळात रोगी, डॉक्टर, नर्स गोळ्यांनी मेले. सैन्य म्हणतं चकमकीत सापडले, तिथले तमिळ म्हणतात मारले. १९८९ला श्रीलंकेचे अध्यक्ष प्रेमदासा यांनी उघड सांगितलं, जुलै संपायच्या आत निघा. आपलं सैन्य निघालं मार्च १९९०ला.

परमेश्वरन यांच्यावर गाणी व्हावीत. पण त्या इस्पितळातल्या नर्सवरही दोन ओळी पाहिजेत. दोन्ही एका कवितेत मावत नसतील तर कविता लहान आहे. ब्लॅक पँथरांच्या दहा कलमांत सहावं कलम होतं, काळ्यांना सैन्यभरतीतून सूट द्या. आपण १९७२ला पँथर नाव घेतलं, सहावं कलम घेतलं नाही. आपली भरतीची लढाई उलटी होती म्हणून, हे मला कळतं. पण भरतीचा हक्क मागणं आणि परक्याच्या गावात बंदूक घेऊन उभं राहायला नकार देणं, या दोन गोष्टी एकाच तोंडाने बोलता येतात. २४ फेब्रुवारी २०२२ला रशियाचं सैन्य युक्रेनवर चालून गेलं. त्या युद्धात हेल्परची नोकरी देतो म्हणून एजंटांनी भारतातली गरीब पोरं नेली, हातात रायफल दिली, त्यातली काही मेली. भाकरीसाठी गेली आणि दुसऱ्याचं गाव तोडायला उभी केली गेली.

किंगला ४ एप्रिल १९६८ला, या भाषणाला बरोबर वर्ष झालं त्या दिवशी, मेम्फिसमध्ये गोळी घातली. तो तिथे संपावर असलेल्या सफाई कामगारांसाठी गेला होता. त्यांचे दोन साथी कचऱ्याच्या गाडीत चिरडून मेले होते.

पाच मागण्यांचं भाषांतर मी केलंय. संपादकांनी पुढच्या अंकात दीड पान द्यावं, स्टेन्सिल मी कापून देतो.